गोल का सुटं?

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेर साताऱ्याचं, वडील फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले. कुणी फार गोड बोलायला लागलं की त्याच्या तोंडाकडं नको, हाताकडं बघा, असं त्यांनी आम्हा बहिणींना लहानपणापासून पढवलेलं. लग्न होऊन मिरजेजवळच्या गावात आले तेव्हा रुखवताबरोबर हेही घेऊन आले. आणि बघते तर काय, सासरी माझ्याहून वरचढ संशयी बाई आधीच बसलेली. त्या म्हणजे अक्का.

अक्का माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. कवठे महांकाळकडं दिली होती. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं, आणि सासरच्यांनी ‘चार दिवस माहेरी जाऊन या’ म्हणून मिरजेच्या छोट्या रेल्वेगाडीत बसवून दिलं. ते चार दिवस काही संपले नाहीत. तेव्हापासून त्या भावाकडंच. माझ्या नवऱ्याला त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवला, गोठा सांभाळला, आणि सोप्याला लागून असलेल्या एका अंधाऱ्या खोलीत स्वतःचं गाठोडं, स्वतःची चंची आणि दाराबाहेर स्वतःची शेळी, एवढा संसार मांडला. तोंड फाटकं. घरची म्हैस आटलेली असताना दूधवाला दूध घालून गेला की भांड्यात बोट बुडवून बघायच्या आणि तो कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याला ऐकू जाईल असं बोलायच्या. सासूबाईंचं आणि त्यांचं दिवसातून एकदा तरी वाजायचंच.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं असतील. त्या साली ऊस वेळेवर कारखान्याला गेला होता आणि घरात जरा बरं वातावरण होतं. माझे यजमान हायस्कुलात मास्तर. मे महिन्याच्या सुट्टीआधी एका संध्याकाळी ते मिरज स्टेशनवरून आले ते हातात नकाशा घेऊन. सगळ्यांनी मिळून दक्षिणेची यात्रा करायची, असं त्यांनी जाहीर केलं. मिरजेहून हुबळी, बंगळूर, मद्रास, रामेश्वर, परत मद्रास, तिथून वर गाणगापूर, मग कुर्डुवाडी, आणि कुर्डुवाडीहून छोट्या गाडीनं कवठे महांकाळवरून पुन्हा मिरज. रेल्वेला आधी रस्ता कळवायचा, तिनं मंजूर केला की माणशी एकच तिकीट मिळतं, वाटेत ठरलेल्या गावी उतरायचं, हिंडायचं, पुढच्या गाडीत चढायचं. निघालो तिथंच परत येतो म्हणून ते गोल तिकीट. आणि सुटी सुटी तिकिटं काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

‘‘स्वस्त?’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘लांब जायाचं आन् सवस्तात? कायतरी गोम आसनार.’’

मला त्यांचं पटलं. मी यजमानांना विचारलं, तुम्हाला हे कुणी सांगितलं, त्याचा ह्यात काय फायदा? ते म्हणाले, अगं, सरकारी रेल्वे आहे, तिला काय फायदा. मी म्हटलं, तेच तर.

पण खरा वाद मामंजींनी काढला. ‘‘गोल नगं. सुटी तिकिटं काढायची. हितनं हुबळी, हुबळीला बघू म्होरचं. मन लागंल तितं ऱ्हायाचं, न्हाई लागलं तर म्होरं. गोल तिकिटात आडकून पडायचं कशाला?’’

मी भाकरी थापता थापता थांबले. आता हे मामंजी कोण, तर काडेपेटीतली काडी उभी चिरून दोनदा वापरणारा माणूस. मिरजेला जाऊन चहा न पिता परत येणारा. आणि हा माणूस महाग तिकिटं मागतो? वर म्हणतो, मन लागेल तिथं राहू? ह्या माणसाचं मन त्याच्या उसाच्या पट्टीशिवाय जन्मात कुठं लागलं नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

पहिला संशय मला माझ्याविषयीच आला, म्हणजे मला टाळण्याविषयी. वाटलं, बंगळूरपर्यंत नेतील आणि काहीतरी निमित्त काढून मला मागं लावून देतील, गुरांचं बघायला. सासूबाईंच्या दोन्ही लुगड्यांच्या घड्या झाल्या होत्या आणि मला अजून कुणी ‘तू पण आवर’ म्हटलं नव्हतं. दोन दिवस मी त्याच रागात भांडी आपटली. पण गुरांना गडी ठरला, मलाही ट्रंक मिळाली, तेव्हा तो संशय गेला.

मग अक्कांचा आला. कारण अक्का, ज्या पोस्टमननं आणलेलं पाकीटसुद्धा उन्हात धरून बघायच्या, त्या अक्का गोल तिकिटाच्या बाजूला!

‘‘माजं गोल काडा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमची कशीबी काडा. माजं गोल.’’

‘‘आवं पर एकटीचं गोल काढून काय करनार?’’ सासूबाई म्हणाल्या.

‘‘ते माजं मी बघीन.’’

यजमान हसून म्हणाले, ‘‘अक्का, रूळ तीन मापांचे आहेत बरं का. बंगळूरला मधले, मद्रासला मोठे, घरी येताना बारके. तिन्हींवर एकच तिकीट चालतं, विश्वास बसतो का तुझा?’’

एरवी ह्यावर अक्कांनी रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. त्या फक्त म्हणाल्या, ‘‘शेवटाला मिरज लिवत्यात न्हवं? मग रूळ कसलंबी आसू देत.’’

मी चाट पडले. म्हटलं, म्हातारीचं काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरातली सगळी पडलेली असताना अक्कांनी मला खुणेनं गोठ्यात बोलावलं. शेळी दोन दिवसांपूर्वीच मामंजींनी नदीपलीकडच्या एका ओळखीच्याकडं पोचवली होती. आम्ही येईपर्यंत सांभाळायला दिली, असं घरात सांगितलेलं. अक्कांनी नुसतं खुंटीकडं बोट केलं.

खुंटीवर शेळीचं दावं होतं.

शहरातल्या माणसाला ह्यात काही दिसायचं नाही. आमच्याकडं जनावर विकलं की त्याचं दावं देत नाहीत. दावं घरी ठेवून घेतात, नाहीतर दावण मोडते, लक्ष्मी त्याच्या मागनं जाते म्हणतात. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. पण नुसतं सांभाळायला दिलं असेल, तर जनावर दाव्यासकट जातं, कारण ते परत यायचं असतं. मामंजींनी घरात एक सांगितलं होतं. पण जनावरांच्या बाजारात उभं आयुष्य गेलेला हात, तो ऐन वेळी दावं सोडून घेतल्याशिवाय राहिला नव्हता.

‘‘इकली,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘माज्या माघारी शेळी इकली. का इकली सांग.’’

मी म्हटलं, ‘‘का?’’

‘‘मी यायची न्हाई म्हनून.’’

त्या तिथंच गव्हाणीला टेकून खाली बसल्या. मग सगळं एकेक करून माझ्या समोर आलं. धाकटा दीर फौजेत होता, त्याचं लग्न ठरत होतं, आणि घरात एक खोली कमी पडत होती. चार महिन्यांपूर्वी मामंजी गाणगापूरला जाऊन आले होते. आल्यावर जेवताना म्हणाले होते की आपल्या भागातली एक म्हातारी तिथं खोली घेऊन राहते, देवाची सेवा करते, किती समाधानात आहे म्हणून सांगू. तेव्हा मला वाटलं होतं, देवाला गेलं की माणूस असं बोलतोच.

‘‘पण अक्का, गोल तिकीट काढून काय होणार?’’ मी म्हटलं. ‘‘ठेवायचंच असेल तर तिकीट असून ठेवतील.’’

‘‘तू त्येला वळकत न्हाईस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी त्येला कडंवर घिऊन हिंडलीया. बहीन टाकून यील त्यो. पर पैसं भरल्यालं तिकीट टाकून याचा न्हाई. फरफटत आनील मला, पर तिकीट वाया जाऊ द्याचा न्हाई.’’

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. राग आला. सासऱ्यांना सुनेनं विचारायची ती रीत नव्हती, आणि नवऱ्याला सांगावं तर तो आधी ‘बाबा असं करणार नाहीत’ म्हणणार आणि मग रात्रभर छताकडं बघत पडणार. मी पदर खोचून अक्कांना म्हटलं, ‘‘उठा. तोंड धुवा. चहा टाकते.’’

संध्याकाळी पुरुषांची पानं वाढली. तिकिटांचा विषय निघालाच. मामंजी पुन्हा म्हणाले, सुटीच बरी. मी भाकरी वाढता वाढता म्हटलं, ‘‘मामंजी म्हणतात तेच बरोबर आहे. सगळ्यांची नुसती जायचीच तिकिटं काढू. येताना बघू, कोण कोण यायचंय ते. आणि गोठ्यात शेळीचं दावं राहिलंय हो मामंजी. तिला तिकडं बांधत कशानं असतील?’’

मामंजींचा घास आमटीत बुडालेला होता. तो तसाच राहिला. सासूबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की दुसरी असती तर चुलीत शिरली असती. यजमानांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं, मग दाराशी बसलेल्या अक्कांकडं. ते मास्तर होते, त्यांना सगळं उशिरा कळायचं, पण कळायचं. त्यांनी ताट सरकवलं आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या पहिल्या गाडीनं मिरजेला गेले आणि पाचही गोल तिकिटांचा अर्ज देऊन आले. मामंजींनी पैसे काढून दिले. मी जिंकले असं मला वाटलं नाही, कारण शेळी काही परत आली नव्हती.

प्रवासाचं काय सांगू? मिरजेच्या फलाटावर तंबोऱ्यांच्या खोक्यांना टेकून आम्ही गाडीची वाट बघितली, आणि तिथंच अक्कांनी यजमानांकडून स्वतःचं तिकीट मागून घेतलं. सगळी एकत्र राहू देत, हरवेल, असं ते म्हणाले. ‘‘तुज्या खिशातनं हरवंल,’’ अक्का म्हणाल्या आणि तिकीट पदराच्या टोकाला बांधून गाठीवर गाठ मारली. तिकीट तपासनीस आला की गाठ सुटायला इतका वेळ लागायचा की तो पुढचा डबा करून परत यायचा. तिकीट त्याच्या हातात असेपर्यंत अक्कांनी त्याची बाही धरलेली असायची. हुबळीला एकजण वैतागून कानडीत काहीतरी बोलला. अक्कांना सासरकडची थोडी कानडी येत होती, त्यांनी त्याला तिथल्या तिथं उलट ऐकवलं.

बंगळूरची बाग झाली, मद्रासचा समुद्र झाला. उन्हानं आमची साल निघाली. प्रत्येक मुक्कामाला अक्का मला विचारायच्या, ‘‘आजून किती गावं ऱ्हायली? शेवटाला मिरजच हाय न्हवं?’’ मी तिकीट वाचून दाखवायची. रामेश्वरला समुद्रात उतरायच्या आधी त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि गाठ माझ्या मुठीत दिली. त्यासाठी लुगडं सोडून माझ्या हवाली केलं आणि दुसरं जुनेर नेसून त्या पाण्यात गेल्या. मामंजी सासूबाईंचा हात धरून डुबकी मारत होते. अक्का एकट्याच. दर डुबकीनंतर डोळ्यातलं खारं पाणी पुसून आधी माझ्याकडं बघायच्या, मी आहे का म्हणून. त्यांनी माझ्यावर तेवढा भरवसा टाकला, त्याचं मला तेव्हा भयंकर ओझं वाटलं. मी ती मूठ लघवीला जायचं असूनही सोडली नाही.

मग गाणगापूर आलं. मी आदल्या रात्रीपासून मामंजींवर डोळा ठेवून होते. दर्शन झालं, प्रसाद झाला. दुपारी मामंजी अक्कांना म्हणाले, ‘‘चल अक्का, आपल्याकडल्या त्या म्हातारीला भेटून यिऊ.’’ मी न विचारता चपला घातल्या. सासूबाई म्हणाल्या, ‘‘तू कुटं?’’ मी म्हटलं, ‘‘मला पण म्हातारी बघायचीय.’’

एका बोळात ती खोली होती. म्हातारी खरंच समाधानात दिसली, खोटं कशाला बोलू. पण खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक कोरी चटई, एक तांब्या आणि एक नवं पातेलं मांडलेलं होतं. म्हातारीला कशाला लागतात दोन दोन? मामंजी घसा खाकरून म्हणाले, ‘‘अक्का, लय पुण्याची जागा हाय. दोन मैनं ऱ्हा. देवाची सेवा हुतीया. मग मी यिऊन न्हेतो.’’

अक्का रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. खाली बसून पदराची गाठ सोडायला लागल्या. गाठ सुटेना. मी पुढं झाले तर मला हातानंच थांबवलं. शेवटी दातानं सोडली. तिकीट काढलं आणि भावाच्या हातात दिलं.

‘‘वाच.’’

‘‘आता काय वाचू?’’

‘‘शेवटाला काय लिवलंय त्ये वाच.’’

मामंजींनी तिकीट लांब धरलं. ‘‘मिरज.’’

‘‘मग मी हितं ऱ्हायली तर हितनं मिरजंपातूर काय हुईल?’’

‘‘वाया जाईल,’’ मामंजी म्हणाले. सवयीनं म्हणाले. तोंडातून गेल्यावर त्यांनाच ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी त्या नव्या पातेल्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

‘‘भरल्यालं हाय,’’ अक्का म्हणाल्या.

ती म्हातारी आपली वाती वळत होती. मग मामंजींनी तिकीट घडी घालून परत दिलं. ‘‘चल,’’ म्हणाले, ‘‘ऊन लय चढतंय.’’

मला अजून कळत नाही, की त्यांना तिकिटाचा लोभ आवरला नाही, की लोभाच्या आडोशानं त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली. संशयी माणसाला अशा जागी फार त्रास होतो. मी कधी एक मानते, कधी दुसरं.

कुर्डुवाडीहून छोटी गाडी रखडत निघाली. सगळी दमून एकमेकांच्या अंगावर पेंगत होती. कवठे महांकाळ आलं तेव्हा मला वाटलं, अक्का बाहेर बघतील, सासर कुणाला आठवत नाही? त्यांनी खिडकीकडं पाठ केली. गाडी सुटल्यावर माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, ‘‘तवा ह्याच गाडीत बसिवलं मला. त्येंनीबी सुटंच काडलं हुतं.’’

मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो लगेच सोडवून पदराची गाठ चाचपली.

मिरजेला फाटकावर तिकिटं गोळा करत होते. आमची चौघांची दिली. अक्का देईनात. तिकीटवाला म्हणाला, आजीबाई, प्रवास संपला, द्या इकडं. अक्का म्हणाल्या, ‘‘आदी मला भाईर जाऊ द्या. मग घ्या.’’ मागं रांग खोळंबली, लोक ओरडायला लागले, सासूबाई शरमेनं लाल झाल्या. अक्कांनी एक पाय फाटकाबाहेर टाकला, मग दुसरा टाकला, आणि हात मागं करून तिकीट दिलं. तिकीटवाल्यानं कपाळावर हात मारला.

चार-पाच दिवसांनी मामंजी सकाळीच नदीपलीकडं गेले आणि दुपारी शेळीला ओढत घेऊन आले. बदल्यात काय दिलं, कुणाला सांगितलं नाही. अक्कांनी आधी शेळीचा कान उलटा करून बघितला, तीच आहे का म्हणून. मग खुंटीवरचं दावं काढून तिच्या गळ्यात घातलं. भावाला बरं वाटावं असं एक अक्षर बोलल्या नाहीत. दिराचं लग्न झालं, मामंजींनी नव्या जोडप्यासाठी परड्यात पत्र्याची एक खोली काढली आणि सासूबाईंची कुरकुर मागं लावून घेतली.

त्यानंतर तीनेक वर्षांनी अक्कांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. जायच्या दिवशी कारखान्याची जीप दारात उभी राहिली आणि अक्का उंबऱ्यात बसून राहिल्या. त्यांना कुणीच नीट दिसत नव्हतं. अंदाजानं त्यांनी तोंड वर केलं.

‘‘गोल हाय का सुटं?’’

जीपवाला हसला. मामंजी पुढं झाले. ‘‘गोल हाय गं अक्का. मीच न्हेतोय, मीच आननार हाय.’’

अक्का हलल्या नाहीत. हवेत हात पुढं करून त्यांनी मला शोधलं, मनगट धरलं आणि विचारलं, ‘‘खरं का गं?’’

मामंजी तिथंच उभे होते. साठीचा माणूस, गावात चार माणसं त्याला उठून जागा देणारी. त्यांचा चेहरा मी बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांची दया आली. मी म्हटलं, ‘‘खरं, अक्का.’’

मग त्या उठल्या. जीपमध्ये चढताना म्हणाल्या, ‘‘मी यीस्तवर दावं शेळीच्या गळ्यातच ऱ्हाऊ दे.’’

मामंजी दवाखान्यात त्यांच्या खाटेखाली सतरंजी टाकून राहिले, ऊस तोडणीला आलेला असताना. आठवड्यानं परत आणलं तेव्हा अक्कांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. मी हात धरून पायरीकडं वळवायला लागले, तर त्यांनी पाय अडवला आणि गोठ्याकडं तोंड केलं. मामंजींनी मला डोळ्यानं सांगितलं, जाऊ दे. आम्ही दोघांनी दोन्हीकडून धरून त्यांना गोठ्यात नेलं. आवाजाच्या रोखानं त्यांनी शेळी शोधली, तिच्या मानेवरून हात फिरवला आणि दाव्याची गाठ दोनदा चाचपून बघितली.

‘‘आता घरात चला,’’ त्या म्हणाल्या.